आधी तळ दाखवा, मासा नंतर

मा. आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांना खुले पत्र



समुद्रातल्या बोटींवरच्या यंत्रांबद्दलचे हे पत्र भोरहून येते आहे, म्हणून आपल्या कार्यालयात कुणाला हसू आले तर नवल नाही. भोर-वेल्ह्यात समुद्र नाही. आमच्या नीरेचे पाणीसुद्धा कोकणाकडे पाठ करून भीमा-कृष्णेमार्गे थेट बंगालच्या उपसागराला जाते. पण वरंध घाट उतरला की महाडची सावित्री लागते आणि ती बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. सरळ रेषेत मोजले तर हर्णै बंदर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. शिवाय १६६४ साली मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेव्हा स्वराज्याची राजधानी वेल्ह्यातल्या राजगडावर होती. समुद्राविषयी डोंगरातून बोलण्याची या मुलखाला जुनी सवय आहे.

माझे कारण अर्थातच एवढे थोर नाही. या दोन तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडीत. मी ससून डॉकच्या आसपास बोटींवरचे जीपीएस, फिशफाइंडर आणि वायरलेस संच दुरुस्त करत आयुष्य काढले आणि आता गावी येऊन राहिलो आहे. तरी १ जूनला मासेमारी बंद होऊन बोटी वर ओढल्या गेल्या की फोन सुरू होतात. ‘काका, यंदा नवीन मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?’

त्यांचा प्रश्न कंपनीचा आणि पडद्याच्या इंचांचा असतो. गार्मिन, फुरुनो, लॉरन्स, सिमराड ही नावे आता पोरांना तोंडपाठ आहेत. मी उलट विचारतो, जाळे कुठले? पाणी किती वाव? बोट लाकडी की फायबरची? मग पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही, कारण दुकानात हे कुणी विचारलेलेच नसते. आयुक्तसाहेब, माझे सगळे म्हणणे इथेच आहे. बोटीवरचे यंत्र जाळ्याच्या आणि पाण्याच्या हिशेबाने निवडले गेले पाहिजे. ते तसे निवडता यावे म्हणून विभागाने अनुदानाच्या आधी माहिती पुरवावी, आणि अनुदान द्यायचेच तर खोक्याला न देता बोटीवर नीट चालणाऱ्या यंत्राला द्यावे.

बोंबलापासून सुरुवात करतो. फिशफाइंडर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, त्यावरून खोली निघते. माशाचा प्रतिध्वनी मात्र त्याच्या मांसापेक्षा पोटातल्या हवेच्या पिशवीवरून जास्त येतो. घोळीचा जो बोत व्यापारी वेड्यासारख्या भावाने उचलतात, तीच ही पिशवी. म्हणून घोळ यंत्राला ठसठशीत दिसते. बोंबलाला ही पिशवी नसते. सुरमईलाही नसते. कोळंबीचा तर प्रश्नच नाही. ज्या बोंबलावर मुंबई-पालघरकडची डोल बोट जगते, तो या यंत्राला जेमतेम पुसट दिसतो.

आणि दिसला तरी डोलकराने काय करायचे? डोल जाळे कवीवर एका जागी बांधलेले असते. पाण्याच्या ओढीबरोबर मासा आपण होऊन त्याच्या तोंडात येतो. उधाणाला ओढ जास्त, भांगेला कमी, हे गणित डोलकर पंचांगाच्या तिथीवर करतो. त्याला हवी असते ती अंधारात, धुरकटात आपली कव नेमकी सापडणे. त्यासाठी चांगला जीपीएस, आणि खाली पाणी किती हे सांगणारा साधा खोलीमापक पुरे. अशा नाखव्याच्या गळ्यात मोठ्या रंगीत पडद्याचा फिशफाइंडर बांधणे ही विक्रेत्याची हुशारी झाली, नाखव्याची सोय नव्हे.

ट्रॉलरचे आणि गिलनेटचे गणित वेगळे. तिथे यंत्राचे पहिले काम मासा दाखवणे नाही, तळ कसा आहे ते सांगणे आहे. चिखलाचा तळ पडद्यावर बारीक, मऊ पट्ट्यासारखा येतो. खडकाचा पट्टा जाड येतो, खाली लांब शेपूट सोडतो, आणि दुप्पट खोलीवर त्याचा दुसरा प्रतिध्वनीही उमटतो. हे वाचता आले की जाळे फाटत नाही. एक फाटलेले जाळे आणि त्यापायी बुडालेली फेरी यांचा खर्च नाखव्याला विचारा, मग या पट्ट्याची किंमत कळेल. पण यंत्र घेतल्या दिवशी पोरे आधी काय चालू करतात, तर माशांची गोंडस चित्रे. ती चित्रे म्हणजे यंत्राने बांधलेला अंदाज असतो. फेसाचे बुडबुडे, तरंगता कचरा, जेलीफिशचा थवा यांनाही ते मासा म्हणून मोकळे होते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक यंत्रातली ती सोय मी आधी बंद करून देत असे. मग गिऱ्हाईक नाराज होई.

कंपनवारितेचा घोळ तर विचारू नका. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज बारकावे दाखवतो, पण अरुंद शंकूत. बारा अंशांचा शंकू धरला तर ३० मीटर पाण्यात तळाशी त्याला जेमतेम सहा मीटरचे वर्तुळ दिसते. ५० किलोहर्ट्‌झचा शंकू रुंद, चाळीस अंशांच्या आसपास. त्याच पाण्यात तो बावीस मीटरचे वर्तुळ पाहतो आणि खोलवर पोचतो, पण दोन जवळचे मासे त्याला एकच दिसतात. आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी उथळ आणि गढूळ. तिथे बहुतेकांचे काम २०० वर भागते. नवीन यंत्रांत चर्प नावाची सोय असते, ती एका ठोक्यात अनेक कंपनवारिता सोडते, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. पैसे असतील तर ते पडद्याच्या दोन इंचांऐवजी यावर घालावेत, असे मी सांगतो.

खरे पैसे मात्र पडद्यात नसतातच. ते पाण्याखाली बसणाऱ्या ट्रान्सड्यूसरमध्ये असतात, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नसते. लाकडी बोटीला ब्राँझचा घ्यावा, कारण लाकूड पाणी पिऊन फुगते आणि प्लॅस्टिकचे घर चिरडून टाकते. लोखंडी बोटीला ब्राँझ लावला तर खारे पाणी दोन धातूंत झीज सुरू करते. तिथे स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा हवा. फायबरच्या बोटीत, सांगाडा भरीव असेल तर, तो आतूनही बसवता येतो. मध्ये फोम किंवा लाकडाचा थर असेल तर आवाज तिथेच मरतो. जागा निवडायची ती पंख्याच्या खूप पुढे, इंजिनाचे पाणी शोषणाऱ्या तोंडापासून लांब, जिथे बोट चालताना फेस होत नाही अशी. इतके करूनही ऑगस्टात अनेक जण ‘मशीन मेली’ म्हणून पडदा काखेत मारून येत. मशीन धडधाकट असे. बंदीच्या दोन महिन्यांत बोटीचा तळ रंगवताना रंगाऱ्याने ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरही तेवढ्याच मायेने दोन जाड हात फिरवलेले असत. रंग खरवडला की समुद्राचा तळ परत जागेवर.

(फिशफाइंडर बाजारात आणणारे फुरुनो बंधूही मूळचे नागासाकीकडचे वीजदुरुस्तीवाले होते. १९४८ साली त्यांनी पहिले यंत्र विकायला काढले तेव्हा तिथल्या कोळ्यांचा त्यावर विश्वास नव्हता. आम्हा दुरुस्तीवाल्यांना ही गोष्ट सांगायला आवडते.)

आता सरकारी यंत्राकडे येतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात देशभरातल्या १ लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली. इस्रोच्या उपग्रहामार्फत हे यंत्र मोबाइलच्या टप्प्याबाहेरही संदेश देते-घेते, वादळाचा इशारा पोचवते, सरहद्द जवळ आली की सावध करते. ते हवेच होते, आणि मी फोनवर प्रत्येकाला ते बसवून घ्यायला सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ पळवून अतिरेकी मुंबईत उतरले, त्यानंतर समुद्रातली प्रत्येक बोट कुठे आहे हे सरकारला कळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ‘बोट कुठे आहे’ हा सरकारचा प्रश्न. तांडेलाचे प्रश्न वेगळे असतात. खाली खडक आहे का, समोरून जहाज येते आहे का, खाडीच्या तोंडावर पाणी किती उरले आहे? यांतल्या एकाचेही उत्तर ट्रान्सपाँडर देत नाही.

जहाजाचेच घ्या. मुंबई आणि जेएनपीए बंदराकडे जाणारी मोठी जहाजे एआयएसवर आपली जागा, दिशा, वेग सतत सांगत असतात. इस्रोचा ट्रान्सपाँडर ही वेगळीच यंत्रणा आहे. तो लावला म्हणून जहाजाच्या कप्तानाला आपली होडी पडद्यावर दिसत नाही. हे मी सांगितले की अनेक तांडेल चकित होतात, कारण डब्यावर दिवा लागला म्हणजे आपण सगळ्यांना दिसतो असे त्यांनी धरलेले असते. रात्री जाळे टाकून झोपणाऱ्या बोटीला हा गैरसमज जिवावर बेतेल. एआयएस नुसते ऐकणारा संच फार महाग नसतो, आणि काही व्हीएचएफ संचांत तो आतच येतो. मदतीच्या यादीत त्याला जागा मिळाली तर एक मोठे काम होईल. व्हीएचएफचा सोळा नंबरचा चॅनेल कसा वापरायचा हेही शिकवावे लागते. अँटेना जितकी उंच तितका आवाज लांब जातो. छपरावर आडवी बांधलेली अँटेना हे मी सगळ्यात जास्त पाहिलेले पाप. किनाऱ्याजवळ मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहेच.

आणखी एक नाजूक बाब. कवीची जागा, सुरमईचा खडक, पापलेटचे पाणी ही तांडेलाची ठेव असते, बापाकडून मुलाला मिळालेली. पूर्वी ती डोंगरमाथ्याच्या आणि देवळाच्या खुणांवर डोक्यात राहायची. आता ती जीपीएसमधल्या आकड्यांत असते. ट्रान्सपाँडरने बोटीचा माग सरकारकडे जात असेल, तर तो कोण पाहू शकतो, किती दिवस जपला जातो, दुसऱ्या बोटवाल्याच्या हाती पडू नये म्हणून काय तजवीज आहे, हे विभागाने मराठीत एका पानावर छापून प्रत्येक बंदरात लावावे. मनात शंका राहिली की यंत्राची वायर ‘चुकून’ निघते. तो दोष कोळ्याच्या माथी मारण्याआधी कागद लावून बघू. नाखव्यांनाही माझे सांगणे असते की आकडे मेमरी कार्डावर घ्या आणि वहीतही उतरवा, कारण खाऱ्या हवेत यंत्र कधी ना कधी मरणारच.

नकाशाच्या बाबतीत तर फसगत ठरलेली. प्लॉटरवर रंगीत नकाशा आला की तो काल काढला असे वाटते. भारतीय समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते आणि त्यांचे काम चोख असते. पण बाणकोट, दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे पावसाळ्यागणिक सरकतात. शिवाय नकाशावरची खोली ही मोठ्या ओहोटीच्या पातळीवरून मोजलेली असते. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो, रत्नागिरीकडे त्याच्या निम्मा. पडद्यावर तीन मीटर लिहिले आहे आणि खाली प्रत्यक्षात किती, हे भरतीचे कोष्टक पाहिल्याशिवाय कळत नाही. दरवर्षी १ ऑगस्टच्या आधी प्रत्येक खाडीच्या तोंडाची एकदा मोजणी करून ताजी वाट बंदरावर फळ्यावर लावणे, हे लाखो रुपयांच्या यंत्रांपेक्षा स्वस्त काम आहे. विभागाच्या गस्ती नौकेवर खोलीमापक असेलच.

हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे सापडण्याच्या संभाव्य जागा मराठीतूनही कळवते. ही सेवा फुकट आहे. तिचा उपयोग होण्यासाठी अक्षांश-रेखांश यंत्रात भरता आले पाहिजेत. अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांचा गोंधळ झाला तर माणूस कित्येक मैल चुकतो, आणि दोष इन्कॉइसला देतो.

विजेबद्दल थोडक्यात. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर यंत्र जोडू नये. स्टार्टर फिरताना दाब पडतो आणि पडदा विझून पुन्हा लागतो. वेगळी बॅटरी, प्रत्येक यंत्राला फ्यूज, कल्हई केलेल्या तांब्याची वायर. ट्रान्सड्यूसरची केबल लांब झाली म्हणून कापू नये. हे सगळे अर्ध्या दिवसात शिकवता येते.

कोण शिकवणार? सोय आपल्याकडेच आहे. वर्सोव्यासह किनाऱ्यावरच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रांत सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. त्यात आठ दिवस यंत्र निवडणे, बसवणे आणि पडदा वाचणे यांना द्यावेत. वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे शिरगाव मत्स्य महाविद्यालय यांनी मिळून जाळ्यानुसार यंत्र निवडण्याची एक मराठी पुस्तिका काढावी, कंपनीचे नाव न घेता. आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारख्या योजनांतून सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत मिळते, तिथे बिल पाहून पैसे सोडण्याऐवजी बोट समुद्रात नेऊन पडद्यावर तळ दिसला की पैसे सोडावेत. बसवण्याची मजुरी आणि ट्रान्सड्यूसर ही मदतीच्या हिशेबातली पहिली बाब धरावी.

एका यंत्राला मात्र सरकारी पैसा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चारी बाजूंना आडवे पाहून थव्याचा पाठलाग करणारा सोनार. तो पर्ससीन जाळेवाल्यांच्या कामाचा. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधने घातली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली, ती समुद्रात मासा उरावा म्हणून. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने सोनारला अनुदान हे जमणार नाही. ज्याला घ्यायचा त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावा.

शेवटी आमच्या तालुक्यांविषयी. आपल्या विभागाकडे गोडे पाणीही आहे, हे किनाऱ्याच्या धामधुमीत मागे पडते. भोरला १९२८ चे भाटघर, म्हणजे आताचा येसाजी कंक जलाशय, पुढे नीरा-देवघर. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी. या पाण्यांत कातकरी आणि भोई मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. पाण्याखाली बुडालेल्या गावांचे चौथरे, बांध, झाडांचे बुंधे आहेत. भाटघरच्या पाण्यातले कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बहुतेक महिने बुडालेले असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. अशा तळावर जाळे अडकले की ते सोडवायला माणूस पाण्यात उतरतो, आणि त्याच्या अंगावर जीवरक्षक जाकीट क्वचितच असते.

इथे प्लॉटर उघडला तर नकाशाच्या जागी कोरे निळे पान दिसते. समुद्राचे नकाशे विकणाऱ्यांना भाटघर ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वेल्ह्याहून पुण्याला जाताना वाटेवर खडकवासल्याला १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे आणि जलाशयांचे तळ मोजणे हे तिच्या कामांपैकी एक. नाशिकची ‘मेरी’ ही संशोधन संस्था धरणांत गाळ किती साठला याचा अभ्यास करते. ही मोजणी पाटबंधाऱ्याच्या कामासाठी असते. तिचाच एक सोपा नकाशा मोबाइलवर उघडेल असा काढून मच्छीमार सहकारी संस्थांना दिला, तर तराफ्यावर कुठलेही यंत्र लागणार नाही. जिथे मोजणी जुनी आहे तिथे हातात मावणारा एक छोटा खोलीमापक संस्थेकडे ठेवावा. तो समुद्रावरून आणलेला असेल तर आतली ‘खारे पाणी’ ही निवड बदलून ‘गोडे’ करावी लागते. गोड्या पाण्यात आवाज थोडा हळू धावतो आणि तीस मीटरला मीटरभराची चूक पडते. बाकी यंत्र तेच.

मे महिन्यात भाटघरचे पाणी सर्वात खाली असते आणि बांध, चौथरे, देऊळ उघडे पडतात. तेव्हा संस्थेच्या दोन पोरांना साधा जीपीएस देऊन त्या जागा टिपून घेता येतील. जूनमध्ये तुमच्या बोटी वर ओढलेल्या असतील, तेव्हा हर्णैला किंवा ससून डॉकला ट्रान्सड्यूसर तपासणीचे शिबिर घेता येईल. दोन्ही कामांना मी येईन. भत्ता नको, वरंध घाट पावसाळ्यात बंद असतो, तेवढा महाडपर्यंतचा फेरा ताम्हिणीने घालावा लागेल, त्याची एसटी मी माझ्या खर्चाने पकडीन.

कळावे,

आपला,
भोर तालुक्यातील एक निवृत्त यंत्रदुरुस्तीवाला